दूध, तूप, अंडं न घालता चॉकलेटचं सोपं गोड: ओव्हन नाही अन् दुपारी लाईटही नाही

गोदाकाठची (नांदेड)
नमस्कार मंडळी. भाची हैदराबादहून तिच्या पाच वर्षांच्या लेकाला घेऊन यायलीय. लेकराला दुधाची ॲलर्जी आहे, घरात अंडं आम्ही आणत नाही. वाढदिवस इथंच करायचा ठरलाय आणि साहेबांची मागणी एकच, चॉकलेटचं काहीतरी पाहिजे.

माझ्याकडे ओव्हन नाही. फ्रीज आहे, पण मे महिन्यात दुपारची लाईट म्हणजे नशिबाचा खेळ. बदामाचं दूध, ओटचं दूध असलं डब्यातलं काही सुचवू नका, एका डब्याच्या किमतीत आमचा आठवड्याचा भाजीपाला येतो. गल्लीतल्या किराणा दुकानात मिळेल तेवढ्यातच भागवायचंय. कुणी केलंय का असं काही?

परभणीकर_अण्णा
ताई, पहिली गोष्ट, चॉकलेटच्या वड्या वितळवून करायच्या पाककृती डोक्यातून काढून टाका. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच ४० च्या वर पारा. दुकानातून घरी येईस्तोवर वडीचा रस्सा होतो, आणि पुन्हा घट्ट झाली की वर पांढरट चट्टे येतात.

कोको पावडर घ्या. कोकोच्या बिया भाजून, रगडून, दाबून त्यातलं बरंचसं लोणी काढलं की मागं जी पेंड राहते, तिचीच ही पूड. आपल्या घाण्यावर करडईची राहते तशीच. व्हॅन हाउटेन नावाच्या डच माणसानं १८२८ मध्ये या दाबयंत्राचं पेटंट घेतलं तेव्हापासून हा धंदा चालू आहे. पावडरीला ऊन लागत नाही, वर्षभर डब्यात राहते, आणि चॉकलेटची खरी चव तिच्यातच असते. बाकी गोडवा आणि स्निग्धपणा आपण आपल्या घरातून द्यायचा.

लातूरची_सून
अण्णांना अनुमोदन. आता स्निग्धपणा कुठून आणायचा ते मी सांगते. शेंगदाणे!

मी घरी कोकोचं पुडिंग करते ते असं. वाटीभर शेंगदाणे मंद आचेवर हलकेच भाजायचे, डाग पडू द्यायचे नाहीत. सालं चोळून काढून टाकायची, पाखडायची. मग चार तास पाण्यात भिजत घालायचे. ते पाणी टाकून द्यायचं आणि थोडंथोडं ताजं पाणी घालत मिक्सरवर अगदी गंध होईपर्यंत वाटायचं. सगळं मिळून साडेतीन वाट्या पाणी लागतं. मलमलच्या धुतलेल्या फडक्यातून पिळून घ्या. अर्धा लिटरच्या आसपास दूध निघतं. चोथा फेकू नका, दुसऱ्या दिवशी धपाट्याच्या पिठात मळा, धपाटे इतके खुसखुशीत होतात की मुद्दाम शेंगदाण्याचं दूध काढावंसं वाटतं.

आता अर्धा लिटर दुधाला: कोको तीन मोठे चमचे, साखर सहा मोठे चमचे, कॉर्नफ्लोअर तीन मोठे चमचे, मीठ चिमूटभर. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरंशुभ्र, बोटाला करकरणारं. पिवळं मक्याचं पीठ आणलंत तर घाटा होईल, पुडिंग नाही. सगळ्या कोरड्या वस्तू चाळणीतून एकत्र चाळा. हे टाळू नका, कोकोच्या गुठळ्या नंतर कितीही घोटल्या तरी फुटत नाहीत. त्यात गार दूध थोडं थोडं घालत पेस्ट करा, मग उरलेलं सगळं ओता, आणि मगच गॅस पेटवा.

मध्यम आचेवर सारखं हलवत राहायचं. बराच वेळ काही होत नाही, आणि मग एका मिनिटात बुडाकडून दाटायला लागतं. घाई करून तिथंच गॅस बंद करतात लोक. नाही. बुडबुडे फुटायला लागल्यावर आणखी दोन मिनिटं शिजवायचं, नाहीतर कच्च्या पिठाची चव जिभेवर राहते. गॅस बंद केल्यावर चमचाभर शेंगदाण्याचं बिनवासाचं तेल घालून घोटलं की तकाकी येते. वाट्यांत ओता, वर साय धरू नये म्हणून ताटली न ठेवता प्लास्टिकचा कागद थेट पृष्ठभागाला चिकटवा. पण मला विचाराल तर ती वरची जाड साय हाच या पदार्थातला उत्तम भाग. आमच्या घरी तिच्यावरून भांडणं होतात.

कपभर पुडिंगला पाव चमचा कॉफी पावडर घातली तर कोको जास्त कोकोसारखा लागतो. पाच वर्षांच्या लेकरासाठी मात्र नको.

भूमचा_खवेवाला
आमच्या भूम-वाशीच्या खव्याच्या भट्ट्यांना काय म्हणावं मग? कुंथलगिरीचा पेढा सोडून शेंगदाण्याचं पाणी आटवायलेत लोक. दुधाशिवाय गोड म्हणजे नवरदेवाशिवाय वरात.

लातूरची_सून
भाऊ, तुमचा पेढा आम्ही पिशवीभर नेतो, काळजी करू नका. पण येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात तिळाची पोळी खाता तेव्हा दूध कुठं असतं तिच्यात? शेंगदाण्याचा लाडू? चिक्की? तिळगूळ? निम्मं मराठवाडी गोड तीळ-गूळ-शेंगदाण्यावर उभं आहे. कोको तेवढा नवा पाहुणा.

भूमचा_खवेवाला
येळवशीचं नाव काढलं, आता बोलायची सोयच राहिली नाही. पुढं चालू द्या.

आहारातलं_काही
मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून गोदाकाठताईंना आधी एक विचारते. दुधाची ॲलर्जी आहे की दूध पचत नाही? या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. पचत नसेल तर दुधातल्या साखरेचा, लॅक्टोजचा त्रास असतो, पोट फुगतं, जुलाब होतात, पण थोडं तूप चालून जातं. ॲलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते, तिथं चमचाभर दूधसुद्धा धोक्याचं ठरू शकतं. तूप, ताक, खवा, दूध पावडर काहीच नको. आणि ‘लॅक्टोज-फ्री’ दूधही नको, त्यात प्रथिनं तशीच असतात.

दुसरं म्हणजे शेंगदाणा आणि सोयाबीन या दोन्हींचीही काही मुलांना ॲलर्जी असते. आईला फोन करून आधी विचारा, मग शेंगदाणे भिजत घाला.

तिसरं, पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून निर्धास्त होऊ नका. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि आपल्याकडं दूध शाकाहारीच आहे. घटकांच्या यादीखाली ‘कंटेन्स मिल्क’ असं लिहिलेलं असतं, ते शोधा. दूध असेल तर ते छापणं कंपनीला बंधनकारक आहे. ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसिन’ ही सगळी दुधाचीच मंडळी. २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम केले, त्यांचं हिरव्या ‘व्ही’चं चिन्ह असतं. पण आपल्या किराणा दुकानात ते क्वचितच दिसेल. यादी वाचणं हाच उपाय.

गोदाकाठची (नांदेड)
फार उपकार झाले. भाचीला विचारलं, ॲलर्जीच आहे, डॉक्टरांनी सांगितलेली. शेंगदाणे तो मूठमूठ खातो, त्याची अडचण नाही.

दुकानात जाऊन आले. दुकानदारानं कोको म्हणून जे हातात दिलं त्यावर ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ लिहिलंय. चालेल का? आणि त्याच्याकडं स्वयंपाकाच्या चॉकलेटची मोठी लादी पण होती, उन्हात वितळत नाही म्हणाला. अजून एक, साखरेऐवजी गूळ घालू का? घरचा आहे, उसाचा, ढेपच पडलीय.

परभणीकर_अण्णा
ड्रिंकिंग चॉकलेट परत करा. त्यात साखरच जास्त, कोको थोडा, आणि कधी दूध पावडरही असते. नुसतं ‘कोको पावडर’ लिहिलेलं आणि घटकांत कोकोशिवाय काही नसलेलं मागा. आल्कली दिलेली गडद पावडर असेल तरी पुडिंगला चालते, उलट कमी कडू लागते.

लादी म्हणजे कंपाऊंड. कोकोचं लोणी महाग पडतं म्हणून त्याऐवजी पामसारखं वनस्पती तेल घालतात, म्हणून ती उन्हात तग धरते. गडद कंपाऊंडमध्येही दूध असू शकतं. आहारताईंनी सांगितलं तसं मागची यादी वाचल्याशिवाय हात लावू नका. मी तर म्हणेन वाचूनही घेऊ नका, चव मेणचट.

लातूरची_सून
गूळ चालतो, पण सुरुवातीला नाही. गुळात आंबटपणा आणि क्षार असतात. दूध तापत असताना घातला तर शेंगदाण्याचं दूधही फाटल्यासारखं दिसू लागतं. पुडिंग पूर्ण शिजवा, गॅस बंद करा, जरा निवू द्या. गूळ वेगळा थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या, ढेपेत काड्या-कचरा असतोच, आणि मग घोटा. रंग आणखी काळा येतो, चवीला थोडा काकवीचा वास येतो. मला आवडतो. लेकराला कोणती चव सवयीची आहे ते बघा.

मोसंबी_जालना
लाईटचा प्रश्न कुणीच घेतला नाही, म्हणून लिहायलो. चायना ग्रास वापरा. किराणा दुकानात पांढऱ्या वाळक्या पट्ट्यांचं पाकीट मिळतं. समुद्री शेवाळापासून होतं, त्यामुळं पूर्ण वनस्पतीजन्य. जिलेटिन नव्हे, ते जनावरांच्या हाडा-कातडीचं असतं. जेलीच्या तयार पाकिटात कोणतं आहे ते बघून घ्या.

याची गंमत अशी की ते साधारण ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान घट्ट होतं, पण एकदा घट्ट झालं की ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय पुन्हा वितळत नाही. म्हणजे नांदेडच्या उन्हाळ्यातही वडी कापलेलीच राहते. अर्धा लिटरला ४-५ ग्रॅम पुरे. पट्ट्या कात्रीनं बारीक कापून अर्धा तास भिजवा, मग वाटीभर पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, एकही धागा दिसता कामा नये. तिकडं लातूरताईंचं पुडिंग कॉर्नफ्लोअर निम्मं करून शिजवा. दोन्ही गरम असतानाच एकत्र करा. एक गार, एक गरम असं केलं की चायना ग्रासच्या दोऱ्या होतात. थाळीत ओता, दुपारी घरात सोसवेना इतकं गरम असलं तर थाळी गार पाण्याच्या परातीत ठेवा. वड्या कापा.

चारठाण्याची
छान धागा. आमच्या सासूबाई पर्युषणात रसपरित्याग करतात. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, मीठ यांतला एखादा किंवा अनेक रस सोडायचे. यंदा त्या दूध-दही-तूप तिन्ही सोडणार आहेत. त्यांना चायना ग्रास चालत नाही, शेवाळ म्हणून. कॉर्नफ्लोअरचंच करीन, वरून तेल न घालता. चिमूटभर मीठ मात्र विचारून घालावं लागेल.

औसेकर_सोयावाला
लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात आणि धाग्यावर कुणी सोयाबीनचं नाव घेईना! शेतात एमएयूएस ७१ पिकवायचं, परभणीच्याच विद्यापीठाचं वाण, सगळं गिरणीला घालायचं आणि दूध मात्र पाकिटातलं. माझी बायको सोयाबीनच्या दुधात करते.

वास येतो म्हणून लोक नाक मुरडतात. तो वास दाणा गार पाण्यात वाटला की येतो. भिजवलेले दाणे उकळत्या पाण्यात टाकून पाच मिनिटं ठेवायचे आणि गरम पाण्यातच वाटायचे, वास निम्म्याहून कमी होतो. भिजवताना चिमूटभर खायचा सोडा. दूध गाळल्यावर दहा-पंधरा मिनिटं उकळायचंच, कच्च्या सोयाबीनमध्ये पचनात अडथळा आणणारे घटक असतात. आणि पातेलं दुप्पट मोठं घ्या, फेस एकदम उतू जातो. उरलेला वास कोको गिळून टाकतो. शेंगदाण्यापेक्षा प्रथिनं भरपूर आणि घरचा माल.

लातूरची_सून
दादा, वहिनींच्या हाताला असेल यश, माझं सोयाचं पुडिंग घरात कुणी दुसऱ्यांदा मागितलं नाही. पहिल्यांदा करणाऱ्यानं शेंगदाणाच घ्यावा असं माझं ठाम मत.

आहारातलं_काही
एक सूचना, थोडी रसभंग करणारी. चायना ग्रासनं आकार टिकतो, पदार्थ टिकत नाही. शेंगदाण्याचं किंवा सोयाचं दूध गाईच्या दुधासारखंच नासतं. चाळीस अंशांत पुडिंग तासाभराहून जास्त बाहेर राहू देऊ नका, वडी कितीही छान उभी दिसली तरी. दुपारचा कार्यक्रम आणि लाईट नाही, असं असेल तर त्या वेळी कोरडं काहीतरी ठेवा.

बीडची_माहेरवाशीण
कोरड्यात केक! दूध, अंडं, लोणी काहीच नाही, तरी फुलतो. अमेरिकेत १९३० च्या मंदीच्या काळात घराघरांत असे केक व्हायचे, दूध-अंडी परवडत नव्हती म्हणून.

मापाचा कप २४० मिलीचा धरा. दीड कप मैदा, एक कप साखर, पाव कप कोको, एक छोटा चमचा खायचा सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ हे सगळं चाळून घ्यायचं. दुसऱ्या भांड्यात एक कप पाणी, एक तृतीयांश कप तेल आणि एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. तेल रिफाइंड करडईचं उत्तम. घाण्याचं घेऊ नका, चॉकलेटऐवजी भाजीचा वास येतो. भांडं आणि पातेलं आधी तयार ठेवा, मग ओलं कोरड्यात घालून फक्त मिसळेपर्यंत हलवा आणि लगेच आत टाका. सोडा आणि आंबट एकत्र आलं की त्याच क्षणी बुडबुडे सुरू होतात. फोनवर बोलत बसलात तर केक बसला.

ओव्हन नको. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात वाटीभर मीठ पसरा, त्यावर तिवई, झाकण घालून दहा मिनिटं तापू द्या. मग केकचं भांडं आत ठेवून मंद आचेवर ४० मिनिटांच्या आसपास. सुरी खुपसून कोरडी निघाली की झालं. पुष्कळ जण यासाठी शिट्टी काढून कुकर वापरतात. मी वापरत नाही, कुकर बिनपाण्याचा तापवणं कुकरला चांगलं नाही.

पूर्ण गार झाल्याशिवाय उलटा करू नका. दोन दिवस बाहेर राहतो.

चारठाण्याची
मैद्याऐवजी ज्वारी चालेल का? घरात मालदांडीचं पीठ कायम असतं.

बीडची_माहेरवाशीण
निम्मी ज्वारी, निम्मा मैदा करा. नुसत्या ज्वारीत चिकटपणा नसतो, केक कापताना भुगा होतो. पीठ ताजं दळलेलं हवं, जुनं कडवटतं आणि ते कोकोत लपत नाही.

अर्धापुरी_केळी
इतका खटाटोप कशाला? आमच्या अर्धापूरची केळी घ्या, सालीवर काळे ठिपके आलेली. चकत्या करून रात्रभर फ्रीजरमध्ये. सकाळी मिक्सरमध्ये दोन चमचे कोको आणि चार बिया काढलेले खजूर टाकून फिरवा. आईस्क्रीम तयार. मिक्सर थांबवत थांबवत चालवा, मोटार तापते. लगेच खायचं, लाईटवर भरवसा नसेल तर करूच नका.

परभणीकर_अण्णा
खजूर निघालाच आहे तर, खजूर, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट आणि कोको एकत्र मळून लाडू वळा. गॅससुद्धा पेटवायला नको. डब्यात आठवडा राहतात. खजूर कोरडा असेल तर अर्धा तास कोमट पाण्यात ठेवून पिळून घ्या.

गोदाकाठची (नांदेड)
सगळ्यांना धन्यवाद, वाढदिवस झाला. शेवटी असं ठरवलं, दुपारी गल्लीतल्या पोरांसाठी बीडताईंचा केक आणि अण्णांचे लाडू, पुडिंग रात्रीच्या जेवणानंतर, लाईट आल्यावर. केक छान फुलला, लिंबाचा रस घातला होता. पुडिंगात साखरच घातली, लेकराला गुळाची सवय नाही. माझ्या जाऊबाईंनी तीनदा विचारलं की दूध कोणत्या डेअरीचं. शेंगदाण्याचं म्हटल्यावर वाटी खाली ठेवली, मग पुन्हा उचलली. धपाटेही झाले.

एक प्रश्न राहिलाय. भाचीला परत जाताना काहीतरी करून द्यायचंय, चव बदलून. मोसंबी भरपूर आहेत घरात. कोकोबरोबर जमतील का?

मोसंबी_जालना
हा प्रश्न माझ्यासाठीच राखून ठेवला होता वाटतं. रस घालू नका. आंबट रसाबरोबर शिजवलं तर कॉर्नफ्लोअर पातळ होतं, चायना ग्रासही नीट धरत नाही. साल घाला. मोसंबी मीठ-पाण्यानं चोळून धुवा, बारीक किसणीवर फक्त वरचा हिरवा-पिवळा थर किसा. पांढरा भाग आला की कडू.

प्रवासाला द्यायचंय तर पुडिंग नको. खजुराचे लाडू करा आणि दोन मोसंब्यांची किसलेली साल त्यात मळा.

गोदाकाठची (नांदेड)
केकमध्ये पण चालेल का साल?

मोसंबी_जालना
हौ, चालते. साखरेत आधी चोळून ठेवा, सालीतलं तेल साखरेत उतरतं. दीड कप मैद्याच्या केकला एका मोसंबीची पुरे. जास्त घातली तर औषधासारखं लागतं.